मोटर कितीची?

नाताळच्या सुट्टीत अमेरिकेतला आमचा पुतण्या बायकापोरांना घेऊन पनामा कालव्यातून बोटीने फिरून आला. बोटीवरूनच त्याने सोलापूर जिल्ह्यातल्या वैरागला, आमच्या आबांना व्हिडिओ कॉल लावला. मिराफ्लोरेसच्या हौदात बोट उभी होती, बाजूला शेवाळलेली काँक्रीटची भिंत. बघता बघता भिंतीवरचा ओला पट्टा पाण्याखाली जाऊ लागला आणि बोट मिनिटाला साधारण एक मीटर या वेगाने वर चढू लागली. आबांनी चष्मा सारखा केला. "एवढं पाणी चढवायला मोटर कितीची बसवलीय रं?"

"आबा, मोटरच नाहीये."

आबांना ते पटेना. ज्या बार्शी तालुक्याने उजनी धरणाचं पाणी यावं म्हणून उपसा सिंचन योजनेची वर्षानुवर्षं वाट पाहिली, तिथल्या माणसाला पाणी वर चढणं म्हणजे पंप आणि विजेचं बिल एवढंच ठाऊक. पनामात मात्र जहाज समुद्रापासून २६ मीटर वर चढतं आणि पंप एकही नसतो. वर गाटून नावाचं धरणाचं तळं आहे, चाग्रेस नदी अडवून केलेलं. त्याच्या खाली पायऱ्यांसारखे हौद. जहाज हौदात आलं की मागची दारं मिटतात, तळ्याकडून येणाऱ्या बोगद्यांचे व्हॉल्व्ह उघडतात आणि पाणी आपल्याच भाराने खाली येऊन हौद भरतं. आठेक मिनिटांत काम होतं. मग पुढची दारं उघडतात, जहाज वरच्या हौदात. एका टोकाला तीन पायऱ्या चढायच्या, दुसऱ्या टोकाला तीन उतरायच्या. १५ ऑगस्ट १९१४ ला कालवा सुरू झाला, तेव्हापासून हेच चाललं आहे.

दारंही बघण्यासारखी. दोन फळ्या सरळ रेषेत मिटत नाहीत, खोल पाण्याच्या बाजूला टोक काढून मिटतात. त्यामुळे पाण्याचा रेटाच त्यांना घट्ट आवळून धरतो. शिवाय त्या आतून पोकळ असल्याने पाण्यात बऱ्याचशा तरंगतात आणि बिजागऱ्यांवर फारसा भार येत नाही. (अशा हौदाची, म्हणजे लॉकची, दारं बघायला पनामालाच जायला हवं असं नाही. मुंबईच्या इंदिरा डॉकलाही ती आहेत आणि तो डॉकही १९१४ चाच.)

आबांचा पुढचा प्रश्न अगदी शेतकऱ्याचा. "मोठ्या जहाजाला पाणी जास्त लागत असंल?" नाही. हौद भरायला लागणारं पाणी म्हणजे हौदाचं क्षेत्रफळ गुणिले उंची, आत होडी असो की आगबोट. जहाज हौदातून तळ्यात निघून गेलं की त्याची जागा तळ्यातलं पाणी घेतं खरं, पण पलीकडच्या टोकाला उतरताना हौदात शिरणारं जहाज तेवढंच पाणी तळ्यात परत ढकलतं. हिशोब फिटतो. म्हणून तर पर्यटकांच्या छोट्या बोटी सहसा एकट्या सोडत नाहीत, मोठ्या जहाजासोबत एकाच हौदात घेतात.

फुकट मात्र काहीच नाही. एका जहाजाच्या फेरीला सुमारे २० कोटी लिटर गोडं पाणी शेवटी समुद्रात जातं. दहा हजार लिटरचे वीस हजार टँकर! आपल्या भाषेत सांगायचं तर दिवसाला ३६ जहाजं गेली की चार दिवसांत एक टीएमसी संपला. उजनीचा जवळपास ५४ टीएमसीचा उपयुक्त साठा सात महिन्यांत रिकामा झाला असता.

मग समुद्राचंच पाणी उपसून का भरत नाहीत? कारण गाटूनचं पाणी पनामा सिटी आणि कोलोन ही शहरं पितात. तळं खारट करून चालत नाही. २०१६ साली सुरू झालेल्या नव्या, मोठ्या हौदांना शेजारी पाणी साठवायच्या टाक्या दिल्या आहेत. त्यांत ६० टक्के पाणी पुन्हा वापरता येतं. तरी आभाळाने द्यायचं ते द्यावंच लागतं. २०२३ साली एल निनो आला, गाटून आटलं आणि रोज जाणारी जहाजं घटवत डिसेंबरात २२ वर आणावी लागली. त्याच साली आपल्याकडेही पावसाने दगा दिला आणि २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी मायनसमध्ये खोल गेली. इकडे कालव्याच्या आवर्तनावरून भांडणं, तिकडे आधी कुणाचं जहाज सोडायचं यावरून लिलाव.

पनामाने आता यावर जो उपाय काढला आहे, तो सोलापूरकरांच्या ओळखीचा आहे, आणखी एक धरण. रिओ इंदिओ नदीवर ते बांधायचं कालवा प्राधिकरणाने ठरवलं आहे. त्यासाठी सुमारे दोन हजार माणसांना घरदार सोडावं लागणार आहे आणि तिथले शेतकरी विरोधात उभे राहिले आहेत.

हे ऐकल्यावर आबांनी मोटरचं नाव काढलं नाही. त्यांनी विचारलं, "त्यास्नी जमीन कुठं देणार हाईत?"