टूरिंगसाठी क्लिपलेस पेडल घेताय? 🚴 दोन बोल्टवालंच बघा!

लांबच्या राइडला रेसिंगच्या तीन बोल्टवाल्या क्लीटच्या (बुटाच्या तळाला बसून पेडलमध्ये अडकणारा तुकडा) मोहात पडू नका. शिमानोने १९९० मध्ये आणलेली दोन बोल्टची एसपीडी पद्धत टूरिंगला उत्तम. तिची छोटी धातूची क्लीट बुटाच्या रबरी सोलमधल्या खाचेत आत बसते. म्हणून दाभोळच्या जेट्टीवर सायकल फेरीबोटीत ढकलत नेतानाही पाय नीट टेकतो.

👟 बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात. दुकानात चालून बघा: टाच सुटू नये, बोटांना जागा हवी. सोल मधे कडक, पुढे जरा वाकणारा असावा.

🔧 नवखे असाल तर एसएच५६ क्लीट लावा. पाय जास्त दिशांनी सुटतो. पेडलचा ताण ३ मिमी ॲलन कीने सैल ठेवा. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, बसवण्याआधी ग्रीस लावाच.