चौथ्या गटातल्या बायका

मैत्रिणींनो, आज एक प्रश्न विचारते. समजा, तुमच्या तालुक्यातल्या गावांचे चार गट पाडले. पहिल्या गटातल्या बायकांची कॅन्सरसाठी नव्या पद्धतीने तपासणी होणार, दुसऱ्या गटातल्यांची जुन्या पद्धतीने आणि तिसऱ्यातल्यांची अगदी स्वस्तातल्या पद्धतीने. चौथ्या गटाची तपासणी मात्र होणारच नाही. त्यांच्यापैकी कुणाला कॅन्सर होतो, कोण दगावते, याची फक्त नोंद ठेवायची. आठ वर्षांनी चारही गटांचा हिशेब मांडायचा. त्यातून जे कळेल, त्याने पुढे लाखो बायकांचे जीव वाचतील. तुम्ही याला परवानगी द्याल का?

लगेच हो किंवा नाही म्हणू नका. कारण हा प्रश्न मनाने रचलेला नाही. तो आपल्याच मराठवाड्यात, उस्मानाबाद जिल्ह्यात (आताच्या धाराशिवमध्ये) खरोखर समोर आला होता.

काय घडलं होतं?

गर्भाशयमुखाचा कॅन्सर हा बायकांचे बळी घेणारा मोठा आजार. पण तो एका रात्रीत होत नाही. एचपीव्ही नावाच्या विषाणूची लागण झाल्यापासून प्रत्यक्ष कॅन्सर होईपर्यंत सहसा दहा-पंधरा वर्षं किंवा त्याहूनही जास्त काळ जातो. म्हणजेच वेळेवर तपासणी झाली तर तो कॅन्सर होण्याआधीच रोखता येतो. पाश्चात्त्य देशांत पॅप स्मिअर तपासणीने हे प्रमाण खूप खाली आणलं. आपल्याकडे मात्र खेड्यातल्या बहुतेक बायकांची अशी तपासणी कधी झालेलीच नव्हती. गरीब देशात कोणती तपासणी परवडेल आणि तिने मृत्यू खरंच कमी होतील का, हे कुणालाच खात्रीने माहीत नव्हतं.

ते शोधण्यासाठी १९९९ साली मुंबईचं टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून हा अभ्यास सुरू केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया. गावांचे ५२ समूह. कोणत्या समूहाच्या वाट्याला काय येणार, ते चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरलं. एका गटाला एकदा एचपीव्ही चाचणी, एका गटाला पॅप स्मिअर, एका गटाला व्हिनेगरसारखं सौम्य आम्ल लावून डोळ्यांनी पाहण्याची तपासणी. दोष आढळला तर पुढचे उपचार. आणि चौथ्या गटाला, म्हणजे ३१,४८८ बायकांना, ‘नेहमीची आरोग्यसेवा’. म्हणजे जी होती तीच.

निकाल २००९ साली प्रसिद्ध झाला. एचपीव्ही चाचणी झालेल्या ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ जणी या कॅन्सरने गेल्या. चौथ्या गटात ६४. म्हणजे आयुष्यात एकदाच केलेल्या एका चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. इतर दोन तपासण्यांनी मात्र या अभ्यासात मृत्यूंमध्ये ठळक फरक पडला नाही.

असे आणखी दोन अभ्यास झाले. एक तमिळनाडूतल्या दिंडिगुल जिल्ह्यात आणि एक मुंबईच्या झोपडपट्ट्यांत. मुंबईत १९९८ पासून सुमारे ७५ हजार स्त्रियांची दर दोन वर्षांनी व्हिनेगरची तपासणी झाली, तर ७६ हजार स्त्रियांना फक्त एकदा आरोग्यशिक्षण मिळालं. तपासणी झालेल्या गटात मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. विशेष म्हणजे ही तपासणी डॉक्टरांनी नव्हे, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी केली होती.

मग २०१४ साली एका अमेरिकी डॉक्टरांनी आपल्याकडच्याच एका वैद्यकीय नीतिशास्त्राच्या नियतकालिकात सवाल केला, की तीनही अभ्यासांत मिळून तपासणी न झालेल्या किमान २५४ स्त्रिया या कॅन्सरने मरण पावल्या, त्याचं काय? वाद पेटला. त्यात दोन्ही बाजूंना शहाणी आणि प्रामाणिक माणसं होती. म्हणूनच तो समजून घेण्यासारखा आहे.

पहिला प्रश्न : फायदा किती?

नीतिशास्त्र म्हटलं की आपल्याला जड पुस्तकं आठवतात. पण त्यातले सिद्धांत म्हणजे खरं तर वेगवेगळे प्रश्न विचारण्याच्या सवयी आहेत. पहिला प्रश्न हिशेबाचा. जेरेमी बेंथम आणि जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज विचारवंतांनी सांगितलं, की ज्यातून जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त भलं होतं, ते योग्य.

या तराजूत अभ्यासाचं पारडं जड आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली एचपीव्ही चाचणीलाच पहिली पसंती दिली, त्यामागच्या पुराव्यात उस्मानाबादच्या बायकांचा वाटा आहे. संशोधकांचं म्हणणं असं, की आम्ही कुणाचं काही काढून घेतलं नाही. अभ्यास झाला नसता तर चौथ्याच काय, चारही गटांना काहीच मिळालं नसतं. आणि तुलनेला गट नसता, तर कोणती तपासणी उपयोगी आणि कोणती नाही, हे कळलं कसं असतं? दोन तपासण्या त्या अभ्यासात कमी पडल्याच ना!

दुसरा प्रश्न : माणूस की साधन?

हिशेब चोख आहे. पण घरात चारांच्या सुखासाठी एकीने कायम झिजावं, हा हिशेब आपण बायकांनी पुष्कळ पाहिला आहे. तो चोख असला तरी खटकतो. का खटकतो, ते जर्मन तत्त्ववेत्ता इमॅन्युएल कांट यांनी अठराव्या शतकात सांगून ठेवलं. माणसाला नुसतं साधन म्हणून वापरू नका, प्रत्येक माणसाला स्वतःची किंमत आहे.

संशोधनात माणसाचं साधन झालं की काय होतं, ते अमेरिकेत टस्कीगीला दिसलं. तिथे १९३२ पासून सिफिलिस झालेल्या ३९९ गरीब कृष्णवर्णीय पुरुषांवर सरकारी डॉक्टर ‘लक्ष ठेवून’ होते. पेनिसिलिन आल्यावरही त्यांना ते दिलं नाही, आजाराचं नावही नीट सांगितलं नाही. १९७२ साली वर्तमानपत्राने हे उघड केलं तेव्हा ते थांबलं.

आपल्याकडचे अभ्यास टस्कीगीसारखे होते, असं म्हणणं अन्यायाचं होईल. इथे कुणाचे उपचार अडवले नाहीत. तरीही कांटचा प्रश्न उरतोच. चौथ्या गटातल्या बाईला कुणी तिच्या भाषेत सांगितलं होतं का, की ‘बाई, या आजाराची तपासणी असते, ती शहरात मिळते, पण या अभ्यासात तुझी होणार नाही’? हे कळलं असतं तर एखादी म्हणाली असती, ‘असू द्या, मी थांबते.’ दुसरी बस पकडून सोलापूरला गेली असती. निर्णय तिचा झाला असता. टीकाकारांचा मुख्य आक्षेप या संमतीवरच होता.

तिसरा प्रश्न : भार कोणावर?

टस्कीगीनंतर अमेरिकेत १९७९ साली बेलमाँट अहवाल आला. त्यात व्यक्तीचा आदर आणि तिचं हित यांच्या जोडीला तिसरं तत्त्व सांगितलं, न्यायाचं. संशोधनाचा भार कोण उचलतं आणि फळ कोण खातं?

‘नेहमीची आरोग्यसेवा’ हे शब्द इथे पुन्हा वाचा. स्वीडनमधल्या बाईची नेहमीची सेवा म्हणजे नियमित तपासणी. आपल्या खेड्यातल्या बाईची नेहमीची सेवा म्हणजे काहीच नाही. मग तिला काहीच न देणं, हे नियमात बसतं! तिची गरिबीच तिला चौथ्या गटात बसवायला पुरेशी ठरते. हा दोष एकट्या संशोधकांचा नाही. ज्या व्यवस्थेने आधीची पन्नास वर्षं तिला तपासणी दिली नाही, तिचा तो अधिक.

चौथा प्रश्न : तिच्याशी कोण बोललं?

हा प्रश्न एका बाईने शिकवला. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ कॅरोल गिलिगन यांनी १९८२ साली एक पुस्तक लिहिलं. त्यात मुलांना विचारलेलं एक कोडं आहे. बायको कॅन्सरने मरणाला टेकली आहे, औषध महाग आहे, दुकानदार किंमत कमी करत नाही. नवऱ्याने औषध चोरावं का? अकरा वर्षांचा मुलगा ठामपणे म्हणतो, चोरावं, पैशापेक्षा जीव मोठा. त्याच वयाची मुलगी अडखळते. म्हणते, चोरी केली तर तो तुरुंगात जाईल, मग बायकोकडे कोण पाहील? त्यांनी बसून बोलावं, काही मार्ग काढावा. जुन्या मोजमापात अशा उत्तराला कमी गुण मिळत. गिलिगन म्हणाल्या, हे उत्तर कमी नाही, वेगळं आहे. ती मुलगी माणसांमधली नाती बघते आहे.

काळजीच्या या नजरेतून पाहिलं की चौथा गट म्हणजे आकडा राहत नाही. नोंद घ्यायला घरी येणारी कार्यकर्ती आणि उंबऱ्यात उभी असलेली बाई, यांच्यात एक नातं तयार होतं. वर्षानुवर्षं दारात येणाऱ्या माणसाने फक्त ‘बरं आहे ना?’ विचारून वहीत टिक करावी, की आपल्याला जे माहीत आहे ते तिलाही सांगावं?

मग बरोबर कोण? मला विचाराल तर अभ्यास करायला हवा होता, असंच मी म्हणेन. अज्ञानानेही बायका मरतच होत्या. पण चौथ्या गटातल्या प्रत्येकीला तपासणी असते हे स्पष्ट सांगून आणि ती हवी असेल तर कुठे मिळेल याचा पत्ता देऊन. त्याने अभ्यासाची तुलना थोडी कच्ची झाली असती, निकालाला दोन वर्षं जास्त लागली असती. तेवढी किंमत मोजायला हवी होती. चारही प्रश्न एकदम विचारायचे असतात. आपल्याला सोयीचा एकच उचलला की घोटाळा होतो.

आपल्या सहीचं काय?

हे फक्त संशोधनापुरतं नाही. दवाखान्यात ‘इथे सही करा’ म्हणून कागद पुढे येतो आणि आपण तो नवऱ्याकडे नाहीतर मुलाकडे सरकवतो. २००८ साली सुप्रीम कोर्टासमोर असंच एक प्रकरण होतं. ४४ वर्षांच्या एका अविवाहित स्त्रीने फक्त दुर्बिणीच्या तपासणीला संमती दिली होती. ती भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या आईची परवानगी घेऊन तिचं गर्भाशय आणि अंडाशय काढण्यात आले. कोर्टाने सांगितलं, ही संमती नव्हे. रुग्ण सज्ञान आहे, जिवाला तातडीचा धोका नाही, तर शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवं होतं. शरीर तिचं, होकारही तिचाच.

संशोधनाबाबत तर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट म्हटलं आहे, की गावाच्या पुढाऱ्याने हो म्हटलं तरी प्रत्येक व्यक्तीची स्वतंत्र संमती घ्यावीच लागते.

सही करण्याआधी विचारा

* हा उपचार आहे की अभ्यास?
* अभ्यास असेल तर मी कोणत्या गटात जाऊ शकते? त्या गटाला काय मिळणार नाही?
* याला दुसरा पर्याय आहे का? तो कुठे मिळेल?
* मी नाही म्हटलं, किंवा मध्येच सोडलं, तर माझे नेहमीचे उपचार चालू राहतील ना?
* काही अपाय झाला तर खर्च कोण करणार?
* कागद माझ्या भाषेत आहे का? घरी नेऊन वाचू का?

आणि एक शेवटचं. सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची गर्भाशयमुखाची तपासणी दर पाच वर्षांनी व्हायला हवी. ती करून घ्यायला लाज वाटते, वेळ नसतो, ‘मला काय झालंय?’ असंही वाटतं. पण तिचा उपयोग होतो हे कळण्यासाठी आपल्याच भागातल्या हजारो बायका आठ वर्षं नोंदवहीत राहिल्या. पुढच्या वेळी आशाताई दारात आल्या, की आपल्या आरोग्य केंद्रात ही तपासणी कोणत्या दिवशी होते, ते त्यांना विचारून घ्या. जाताना जावेलाही सोबत न्या.