पखवाजाचा घुमारा आणि दुसऱ्या हेडफोनची निवड

सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूर हे वारकरी भजनाचे माहेर असून त्या भजनातील पखवाज आणि टाळ ही वाद्ये नादाच्या दोन टोकांना असल्यामुळे, उबदार ध्वनीचा दुसरा हेडफोन निवडताना भजनाचे चांगले ध्वनिमुद्रण ही उत्तम कसोटी ठरते. पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावली की तिचे वजन वाढून कंपने मंदावतात आणि खर्जातला घुमारा उमटतो. उजव्या पुडीवरील शाईमुळे, म्हणजे काळ्या लेपामुळे, मात्र तिचे उपस्वर मूळ स्वराशी जुळतात, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० मध्ये मृदंगासारख्या वाद्यांच्या अभ्यासातून दाखवून दिले.

उबदार ध्वनी म्हणजे नुसता जास्त बास नव्हे. साधारणतः १०० ते ३०० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तितकी कंपने, हा पट्टा किंचित उचललेला आणि वरचा पट्टा हळुवार उतरता असेल, तर ध्वनी उबदार वाटतो. याउलट ६० हर्ट्झखालचा भागच फुगवला, तर नुसती धडधड वाढून पखवाजाचे बोल एकमेकांत मिसळतात. कानाची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांब आणि पडद्यापाशी बंद असल्याने ती ३००० हर्ट्झच्या आसपासचा ध्वनी स्वतःच वाढवते. तेथे किंवा त्याहून वर पहिल्या हेडफोनची भर जास्त पडत असेल, तर टाळ कानाला टोचतो. दुसऱ्याने तो सौम्य करावा, परंतु अभंगातील व्यंजने पुसट होऊ देऊ नयेत.

हेडफोनची गादी कानाभोवती घट्ट न बसल्यास, उदाहरणार्थ चष्म्याच्या काडीमुळे फट राहिल्यास, खर्ज निसटतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात रेक्झिनच्या गादीखाली घाम येतो, म्हणून कापडी गादी सुखद वाटते. मात्र तिच्यातूनही थोडा खर्ज झिरपतो, हे ध्यानात घ्यावे.

आवाज कमी केला की कानाला खर्ज अधिक प्रमाणात उणावल्यासारखा भासतो, हे संशोधक फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये मोजून मांडले. त्यामुळे उबदार हेडफोन कमी आवाजातही भरीव वाटतो आणि श्रवणाच्या रक्षणासाठी हे मोलाचे आहे, कारण जागतिक आरोग्य संघटनेनुसार प्रौढांसाठी ८० डेसिबलची सुरक्षित मर्यादा आठवड्याला ४० तासांची आहे.

दोन हेडफोनची तुलना करताना आवाजाची पातळी समान ठेवावी, कारण किंचित मोठा आवाजही अधिक चांगला वाटतो. त्याआधी जुन्याच हेडफोनवर इक्वलायझरने, म्हणजे निरनिराळे पट्टे कमी-जास्त करणाऱ्या सोयीने, खर्ज दोन-तीन डेसिबल वाढवून ऐकावे. तेवढ्याने समाधान झाले, तर नवीन खर्चाची गरजच उरत नाही.