पाळण्यावरील रंग

घरात मूल जन्मले की पाळणा सजविला जातो. त्यावर रंगीत चिमण्या-पोपट टांगले जातात आणि हाताने रंगविलेला खुळखुळा बालकाच्या मुठीत येतो. परंतु पाच-सहा महिन्यांचे मूल हाती आलेली प्रत्येक वस्तू तोंडात घालते. म्हणून तिच्यावरील रंग कशाचा आहे, हा प्रश्न केवळ शोभेचा राहत नाही.

म्हैसूरहून बंगळूरकडे जाताना वाटेत चन्नपट्टण लागते. तेथील कारागीर काळ्या कुड्याचे पांढरे लाकूड कातकामाच्या यंत्रावर फिरवितात आणि रंगीत लाखेची कांडी त्यावर दाबून धरतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख मऊ होऊन लाकडावर पसरते; मग केवड्याच्या जातीच्या पानाने घासून तिला चकाकी आणतात. लाख म्हणजे पळस, बोर, कुसुम या झाडांवर राहणाऱ्या कीटकांचा स्राव होय. तिच्यात हळद, नीळ यांसारखे वनस्पतिजन्य रंग मिसळले, तर शिशाचे भय उरत नाही.

तैलरंगांचे तसे नाही. त्यांतील झळाळता पिवळा रंग पुष्कळदा शिशाच्या क्रोमेटपासून करीत. पोटात गेलेले शिसे लहान मुलांच्या शरीरात प्रौढांच्या ४ ते ५ पटींपर्यंत शोषले जाते आणि वाढत्या मेंदूला कायमची इजा करू शकते. भारतात नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा दहा लाख भागांत ९० भाग अशी आहे. त्यापूर्वी रंगविलेल्या वस्तूंना मात्र तिचे संरक्षण नाही. म्हणून आजोळहून आलेल्या जुन्या पाळण्याचे पोपडे सुटू लागले असतील, तर ते घरात खरवडू नयेत. त्याची धूळही तितकीच घातक असते. असा पाळणा आठवण म्हणून जपावा, पण त्यात बालकास निजवू नये.