दात पांढरा, हिरडी राखाडी

२० मार्चचा जागतिक मौखिक आरोग्य दिन आला की इम्प्लांटच्या सवलतींची पत्रकं वर्तमानपत्रातून घरोघर पोचतात. वसई पूर्वेची एव्हरशाईन सिटीही त्याला अपवाद नाही. इम्प्लांटची कंपनी, कॅपची वॉरंटी, मासिक हप्ता, सगळं ठळक अक्षरांत असतं. हाडातला स्क्रू आणि वरची कॅप यांना जोडणारा अबटमेंट नावाचा तुकडा कशाचा बनलाय, हे मात्र फार कमी ठिकाणी लिहिलेलं दिसतं. दाढेच्या बाबतीत ते चालून जाईल, पटाशीच्या दाताच्या बाबतीत चालू नये.

कारण तिथे तक्रार निघते ती हिरडीची. कॅपचा रंग शेजारच्या दाताशी तंतोतंत जुळलेला असतो, सूज नाही, दुखणं नाही, पण कॅपच्या वरची हिरडी निळसर-राखाडी दिसते. हिरडी पूर्ण अपारदर्शक नसते. प्रकाश तिच्यात शिरतो आणि आत जे असेल त्याला धडकून परततो. खऱ्या दाताचं मूळ फिकट पिवळसर, ते उजेड परत पाठवतं. अबटमेंटचं टायटॅनियम त्यातला बराच गिळून टाकतं. मनगटावरची शीर त्वचेखालून निळी भासते, तसाच हा प्रकार.

१९६५ साली स्वीडनमधल्या गोथेनबर्गमध्ये संशोधक ब्रोनेमार्क यांनी पहिल्या रुग्णाला टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले, तेव्हा प्रश्न चावता येण्याचा होता. दिसण्याचा प्रश्न नंतर आला, आणि त्यावरचा मला सर्वांत उद्बोधक वाटणारा प्रयोग झाला तो डुकराच्या जबड्यावर.

झुरिकच्या रोनाल्ड युंग आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये तो प्रसिद्ध केला. जबड्यावरच्या मऊ आवरणाखाली त्यांनी टायटॅनियमचे आणि झिरकोनिया या पांढऱ्या सिरॅमिकचे तुकडे सरकवले, काही नुसते, काही पोर्सेलिनचा थर दिलेले. वरच्या आवरणाची जाडी दीड, दोन आणि तीन मिलिमीटर अशी बदलत नेली आणि दर वेळी रंग यंत्रानं मोजला. सर्वांत जास्त रंग बदलला तो टायटॅनियममुळे. दोन मिलिमीटर जाडीला झिरकोनियामुळे झालेला बदल डोळ्याला कळेनासा झाला. आणि तीन मिलिमीटरला? खाली काहीही ठेवा, माणसाच्या डोळ्याला फरक ओळखता येईना.

म्हणजे आधी विचारायचं ते हिरडीची जाडी किती, आणि मग अबटमेंट कशाचं. ‘समोरचा दात आहे, झिरकोनियाच घ्या’ असं सांगून ज्यादा पैसे घेताना ही जाडी कुणी तपासली नसेल, तर तो सल्ला अर्धवट आहे असं मी स्पष्ट म्हणेन. तपासणं अवघडही नाही. हिरडी आणि दाताच्या फटीत मोजपट्टीच्या खुणा असलेली बारीक सळई, म्हणजे प्रोब, घालायची. ती हिरडीतून आरपार दिसली तर हिरडी पातळ. नेमका आकडा हवा असेल तर भूल देऊन रूट कॅनालची बारीक फाईल हाडाला टेकेपर्यंत टोचायची, तिच्यावरचं रबरी स्टॉपर हिरडीला भिडवायचं, बाहेर काढून पट्टीवर धरायची. हिरडी फारच पातळ निघाली तर टाळूतला ऊतीचा तुकडा लावून ती जाड करता येते.

झिरकोनियाला सर्वगुणसंपन्न मानण्याचंही कारण नाही. इटलीतल्या पादुआच्या ब्रेसान आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये सोनं, टायटॅनियम आणि झिरकोनियाची तुलना केली. टायटॅनियमचा फरक सर्वांत जास्त आढळला, पण खऱ्या दाताभोवतीच्या हिरडीचा रंग तिघांपैकी एकालाही हुबेहूब साधला नाही. शिवाय झिरकोनिया कडक असला तरी पातळ कडांना तडकू शकतो, आणि थेट इम्प्लांटमध्ये बसवला तर सूक्ष्म हालचालीनं आतलं टायटॅनियम झिजवतो. म्हणून हल्ली बऱ्याचदा खाली टायटॅनियमचा छोटा पाया आणि त्यावर चिकटवलेला झिरकोनिया असा जोड वापरतात. मला हाच मार्ग समंजस वाटतो. दुसरी युक्ती टायटॅनियमलाच रंग देण्याची. विजेच्या साहाय्यानं त्याच्यावरचा ऑक्साइडचा थर जाड केला की रंगद्रव्याशिवाय तो सोनेरी किंवा गुलाबी दिसतो, कारण थराच्या जाडीनुसार परतणारा प्रकाश बदलतो.

आपल्याकडच्या हिरड्यांचं काय? अनेकांच्या हिरडीत मेलॅनिनची तपकिरी छटा असते. युरोपातल्या गुलाबी हिरड्यांवरून काढलेले निष्कर्ष वसईच्या तोंडात जसेच्या तसे लागू होतील असं धरून चालू नये. ती छटा राखाडीपणा झाकते का, हे इथल्याच रुग्णांवर मोजायला हवं, आणि मुंबईच्या दंत महाविद्यालयांनी ते काम मनावर घ्यावं अशी माझी कळकळीची मागणी आहे. मिशेरी आणि सिगारेट हा वेगळा विषय. त्यानं हिरडी मागे सरकली की अबटमेंट उघडंच पडतं, मग जाडीचा प्रश्नच उरत नाही.

ज्यांचा ओठ हसताना हिरडीपर्यंत वर जात नाही, त्यांनी झिरकोनियाच्या खर्चात पडू नये. दाढेलाही टायटॅनियम उत्तम. शंका असेल तर लोकल पकडून मुंबई सेंट्रलला पालिकेच्या नायर दंत महाविद्यालयात दुसरं मत घ्यावं. उपचार कुठेही झाले तरी इम्प्लांटची कंपनी आणि मॉडेल, अबटमेंटचं मटेरियल आणि मोजलेली हिरडीची जाडी कागदावर लिहून घ्यावी. दहा वर्षांनी अबटमेंटचा स्क्रू ढिला झाला आणि तोवर घर विरारहून पुण्याला हललेलं असलं, तर नव्या डॉक्टरला योग्य तो पाना आणि सुटा भाग त्या कागदावरूनच शोधावा लागेल.