रॉबेन बेटापासून महापौरांच्या खुर्चीपर्यंत

नळाला पाणी आले की घरातली बाई आधी काय करते? हंडा भरते, कळशी भरते, उरलेच तर बादली. दक्षिण आफ्रिकेतल्या सोवेटोच्या फिरी वस्तीतल्या बायाही तेच करीत. ही त्यांची आणि अमोस मसोंडो यांची हकिकत.

मसोंडो १९५३ सालचे, जन्म नाताळ प्रांतातला. विशीतच गोऱ्या सरकारने त्यांना रॉबेन बेटावर कैदेत टाकले. १९८१ मध्ये सुटले ते थेट कामगार संघटनेत शिरले. सोवेटोच्या नागरी चळवळीतही उतरले. पुन्हा स्थानबद्धता नशिबी आली.

त्या काळी काळ्या वस्त्यांवर सरकारने नेमल्यासारखे नगरसेवक बसवले होते. लोक त्यांना हस्तक म्हणत. १९८६ मध्ये सोवेटोने घरभाडे आणि पाणी-विजेचे पैसे देणेच बंद केले. घरे खाली करायला आलेल्यांशी लोक भिडले. ऑगस्टमध्ये पोलिसांच्या गोळ्यांनी वीसहून जास्त माणसे मारली. तरी बहिष्कार मोडला नाही. १९९० मध्ये तडजोड झाली आणि थकबाकी माफ झाली.

पुढे गोऱ्यांचे राज्य गेले. मसोंडो आधी प्रांताचे आरोग्यमंत्री झाले आणि डिसेंबर २००० मध्ये एकत्रित जोहान्सबर्गचे महापौर. आता पाणीपट्टी मागणारा माणूस तेच होते!

सोवेटोतले जुने नळ गळत होते, पाण्याचे पैसे वसूल होत नव्हते. महापालिकेने फिरीत आगाऊ पैसे भरण्याचे मीटर बसवले. दर घराला महिन्याला सहा हजार लिटर पाणी फुकट, ते संपले की नळ बंद. पुन्हा पैसे भरा, मग पाणी. हिशेब असा की घरात आठ माणसे, माणशी रोज २५ लिटर. पण फिरीतल्या एका अर्जदार बाईच्या आवारात वीस माणसे राहत होती. भागाकार करून पाहा, माणशी दहा लिटर उरतात. त्यातच अंघोळ, त्यातच धुणे, आजाऱ्याची सेवाही त्यातच.

माणसे कोर्टात गेली. २००८ मध्ये उच्च न्यायालयाने मीटर बेकायदा ठरवले आणि माणशी ५० लिटर द्या म्हटले. वरच्या कोर्टाने ते ४२ केले. ८ ऑक्टोबर २००९ रोजी घटना न्यायालयाने दोन्ही निकाल फिरवले आणि महापालिका जिंकली. न्यायालय म्हणाले, लिटर ठरवणे हे आमचे काम नाही, आणि पालिकेने धोरण वेळोवेळी सुधारलेही आहे. हे खोटे नव्हते. खटला चालू असताना गरिबांसाठी फुकट पाण्याची सवलत वाढवली गेली होती. मला विचाराल तर ती वाढ फिरीच्या बायांनीच मिळवली.

मसोंडोंना खलनायक ठरवणे सोपे आहे, पण बरोबर नाही. त्यांच्याच काळात, ऑगस्ट २००९ मध्ये, सोवेटोहून शहरात जाणारी 'रिया वाया' बस सुरू झाली. टॅक्सीवाल्यांचा कडवा विरोध होता, तरी झाली. कामावर जाणाऱ्या माणसाला त्या बसची किंमत कळते.

२०११ मध्ये त्यांनी महापौरपद सोडले. पुढे २०१९ ते २०२४ ते देशाच्या संसदेतल्या प्रांतांच्या सभागृहाचे अध्यक्ष होते.