साडेतीन मिलिमीटरची जखम

हातावर साडेतीन मिलिमीटरचं एक गोल छिद्र. मुगाच्या दाण्याएवढं म्हणा. अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठातल्या एका प्रयोगासाठी २६ स्त्रियांनी ही जखम आपणहून करून घेतली. त्यांचं सरासरी वय साठीच्या थोडं पुढे. त्यातल्या १३ जणींच्या घरी स्मृतिभ्रंश झालेलं माणूस होतं आणि त्याचं सगळं त्याच करत होत्या. उरलेल्या १३ जणी वयाने आणि घरच्या मिळकतीने त्यांच्या जोडीच्या, पण हा भार त्यांच्यावर नव्हता.

जखम भरली हे ओळखायची युक्ती मला फार आवडते. तिच्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकायचं. आतल्या पेशी उघड्या असतील तर फस्सकन फेस येतो, कारण पेशींतलं कॅटलेझ नावाचं विकर त्यातून प्राणवायू मोकळा करतं. फेस आला नाही, की वर कातडी धरली. बिनभाराच्या स्त्रियांच्या जखमेवरचा फेस सरासरी ३९.३ दिवसांनी थांबला. रात्रंदिवस रुग्णाची उस्तवार करणाऱ्यांचा थांबला ४८.७ दिवसांनी. नऊ दिवसांहून जास्त उशीर! काळजीने माणूस खंगतो हे घरोघरी ठाऊक होतंच. १९९५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्या काळजीचं मोजमाप छापून आलं.

हे मोजणाऱ्या जॅनिस कीकोल्ट-ग्लेसर डॉक्टर नव्हेत, मानसशास्त्रज्ञ. त्यांचे पती रोनाल्ड ग्लेसर विषाणू आणि प्रतिकारशक्तीचे अभ्यासक. एकाला मनाची भाषा कळायची, दुसऱ्याला रक्ताची. त्यांच्या संसारातूनच हे संशोधन उभं राहिलं. सुरुवात १९८०च्या दशकात, वैद्यकीय विद्यार्थ्यांपासून. परीक्षेच्या महिनाभर आधी एकदा रक्त घेतलं आणि ऐन परीक्षेत पुन्हा. विषाणूने पछाडलेल्या पेशींचा फडशा पाडणाऱ्या मारक पेशी परीक्षेत मंदावलेल्या दिसल्या. आणि जे विद्यार्थी स्वतःला एकटे समजत होते, त्यांच्यात त्या आणखीच मंद.

पण माझ्या मते सगळ्यांत देखणा प्रयोग दंतवैद्यकाच्या ११ विद्यार्थ्यांचा. त्यांच्या टाळूवर दोन जखमा केल्या: एक उन्हाळ्याच्या सुट्टीत, दुसरी टाळूच्या दुसऱ्या बाजूला, मोठ्या परीक्षेच्या तीन दिवस आधी. इथे तुलना दुसऱ्या कोणाशी नाही, ज्याची त्याच्याशीच. तोंड तेच, वय तेच, बदलली ती फक्त वेळ. परीक्षेतली जखम भरायला सरासरी तीन दिवस जास्त लागले, म्हणजे ४० टक्के अधिक काळ. अकरा ही संख्या लहानच. पण त्या अकरांत परीक्षेतली जखम आधी भरली असा एकही निघाला नाही.

मनातली धास्ती टाळूपर्यंत पोचते तरी कशी? जखम झाली की तिथल्या पेशी आधी हाकाटी करतात. इंटरल्यूकिन-१ सारखी रसायनं सुटतात, पांढऱ्या पेशी धावून येतात, जागा साफ होते, डागडुजी सुरू होते. जखमेभोवतीची लाली आणि सूज म्हणजे हीच धावपळ. ताण असला की मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी कॉर्टिसॉल सोडतात, आणि कॉर्टिसॉल ही हाकाटी दाबतं. परीक्षेच्या दिवसांत इंटरल्यूकिन-१ चा निरोप ६८ टक्क्यांनी घटलेला आढळला. हाक क्षीण, म्हणून मदत उशिरा.

पुढे २००५ मध्ये ४२ जोडप्यांच्या हातांवर बारीक फोड उठवले आणि त्यांना खटक्याच्या विषयावर बोलायला बसवलं. ज्यांच्या बोलण्यात एकमेकांबद्दल विखार होता, त्यांच्या जखमा इतरांच्या ६० टक्के वेगानेच भरल्या. शब्द जिव्हारी लागतात म्हणतो आपण. इथे ते कातडीपर्यंत पोचले होते.

मला मात्र सर्वांत अस्वस्थ करतो तो सहा वर्षं चाललेला अभ्यास. स्मृतिभ्रंश झालेल्या जोडीदाराची शुश्रूषा करणाऱ्यांच्या रक्तात, दाह दाखवणारं इंटरल्यूकिन-६ इतरांच्या चौपट वेगाने वाढत गेलं. मधल्या काळात त्यातल्या अनेकांचे जोडीदार वारले. औषधांच्या वेळा संपल्या, रात्रीची जागरणं संपली. त्यानंतर कित्येक वर्षं रक्तातली ती वाढ तशीच चालू होती, जणू शेजारच्या खोलीतून अजूनही कोणी हाक मारत होतं.